कडलग पट्ट्यांच्या गावी

राहात्याला लोक जातात ते शिर्डीच्या वाटेवर लागतं म्हणून, नाहीतर पेरू घ्यायला. मी गेले ते एका माणसाला, तो चुकला आहे, हे सांगायला. तो माणूस माझा गुरू. त्यामुळे प्रवास सुखाचा झाला असं म्हणता येणार नाही. पण जेवण उत्तम मिळालं आणि एक म्हैस विकत घेताना जवळून पाहिली. न गेलेल्यांसाठी ते सगळं लिहून ठेवते.

आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत महासंगणकावर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. ते प्लाझ्माची नक्कल करतं. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन उधळतात. वीज कडाडते तेव्हा क्षणभर हवेचा होतो तो, ट्यूबलाइटच्या नळीत असतो तो, आणि सूर्य तर सगळाच त्याचा. त्याच्या पोटात शिरून बघण्याची सोय नाही. म्हणून आम्ही संगणकात एक पेटी कल्पतो, तिचे बारीक बारीक कप्पे पाडतो, तिच्यात कोट्यवधी कण सोडतो. कुठल्या कप्प्यात किती विद्युतभार साचला ते मोजायचं, त्यावरून कोणता कण कुठे ढकलला जाईल ते काढायचं, सगळे कण तेवढे ढकलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण त्यासाठी खोल्याच्या खोल्या भरून यंत्रं लागतात आणि त्यांना थंड ठेवायला आणखी यंत्रं.

या सॉफ्टवेअरचा पाया घातला तो कडलग सरांनी. त्यांच्या पेटीतला प्लाझ्मा एका विशिष्ट परिस्थितीत दाट-विरळ, दाट-विरळ अशा सारख्या अंतराच्या पट्ट्यांत आपोआप उभा राहायचा. तसं का व्हावं हे कुणाला नीट सांगता येईना, म्हणून जगभर त्याचं कौतुक झालं आणि त्यांना कडलग पट्टे हे नाव पडलं. इतरांनीही आपापल्या यंत्रांवर ते पाहिले. मात्र सगळ्यांनी पाहिले ते सरांचंच सॉफ्टवेअर वापरून आणि सरांचीच सुरुवातीची आकडेवारी जशीच्या तशी उचलून. आमच्या लोकांत ही आकडेवारी विरजणासारखी फिरते. ज्याच्याकडे दही चांगलं लागतं त्याच्याकडून वाटीभर आणायचं. त्यात मूळ दूध कुणाचं, हे कोण विचारतो?

मध्यंतरी आम्ही ते सॉफ्टवेअर नव्या महासंगणकावर चढवलं. यंत्राची ताकद बघावी म्हणून मी पेटीत कितीतरी जास्त कण सोडले, नक्कलही जास्त वेळ चालवली, आणि पट्टे फिकट झाले. आणखी सोडले तर आणखी फिकट. खरी गोष्ट जवळून पाहिल्यावर स्पष्ट व्हायला हवी, पुसट नव्हे.

आमच्यात एक रीत आहे. कुणाचं म्हणणं खोडून काढायचं असेल तर छापण्याआधी त्याला कळवायचं. हल्ली हे ईमेलवर उरकतात. सर निवृत्त होऊन राहात्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले होते. ईमेलला उत्तर देतातही, पण एका ओळीचं. तशी एक ओळ पुण्यात बसून वाचण्यापेक्षा समोर बसून ऐकावी, असं मी ठरवलं.

पेरूच्या बागेत

एसटीच्या पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव होतं आणि कंडक्टरच्या तोंडात जुनं. त्याबद्दल कुणाची तक्रार दिसली नाही. राहात्याच्या स्टँडवर सरांचा पुतण्या दत्तू मोटारसायकल घेऊन आला होता. चाळिशीचा, धिप्पाड, बोलायला मोकळा. पेरूची बाग आणि चार दुभती जनावरं तोच सांभाळतो. मागे बसल्या बसल्या मला पेरूचे भाव, पेरूवरची कीड आणि पेरू व्यापाऱ्यांची कुळकथा समजली.

गावाच्या तोंडाशी त्याने मुद्दाम गाडी थांबवली. रस्त्यावर भलामोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर सर. डोक्यावर फेटा, तोही संगणकात चढवलेला, कारण सरांनी आयुष्यात फेटा बांधलेला नाही. त्यांच्या मागे निळ्या आणि केशरी रंगात कडलग पट्टे, आणि खाली ‘विज्ञानाच्या नकाशावर गावाचे नाव कोरणाऱ्या भूमिपुत्राचा भव्य नागरी सत्कार’. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, रीतीप्रमाणे सरांच्या फोटोपेक्षा संख्येने भारी. सत्कार परवा होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“बरं झालं ताई, तुमी आला,” दत्तू म्हणाला. “स्टेजवर पुन्याचं एक मानूस पायजेलच हुतं.”

मला परत फिरावं असं मनापासून वाटलं.

सर बागेत क्रेटजवळ बसून पेरू निवडत होते. इथे झाडावरच्या प्रत्येक पेरूला जाळीदार फोमची टोपी आणि वर प्लास्टिकची पिशवी घालतात. पुण्याच्या थंडीत आमच्या सोसायटीतली पोरंसुद्धा एवढी गुंडाळलेली नसतात. सरांनी मला पाहिलं, “आलीस का” म्हणाले, आणि एक क्रेट माझ्याकडे सरकवला. कुठला मोठा, कुठला मध्यम, हे शिकण्यात माझा अर्धा तास गेला आणि तेवढंच सांगणं लांबलं.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या, सोबत बाजरीची भाकरी. वाढायला सरांची थोरली बहीण, अक्का. यजमान गेल्यापासून त्या माहेरीच, या घरात राहतात. आमच्याकडे पाहुण्याला “आणखी घेणार का?” असं विचारतात आणि तो नको म्हणाला की सुटका मानतात. अक्का विचारत नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने वाढतात. तीन वेळा वाढून झाल्यावर त्यांनी मला तू बारीक का, नवरा काय करतो आणि रघुनाथाचे, म्हणजे सरांचे, पट्टे तू डोळ्यांनी पाहिलेस का, असं ओळीने विचारलं. पाहिले, असं मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

हात धुतल्यावर मी सरांना अंगणात लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. सरांनी एकेक चित्र सावकाश पाहिलं.

“यावरून काहीच सिद्ध होत नाही,” शेवटी ते म्हणाले. “तू कणही वाढवलेस आणि वेळही वाढवलास. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर दोष कुणाला देणार?”

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनीच कसोटी सांगितली. प्रत्येक कप्प्यात कण पूर्वीइतकेच ठेवायचे. बाकी कशालाही हात लावायचा नाही. फक्त कप्पा निम्म्या मापाचा करायचा.

“पट्टे खरे असतील तर आपण कप्पे केवढे पाडलेत हे त्यांना कळायचं कारण नाही,” ते म्हणाले. “ते आहेत तेवढेच रुंद राहतील. कप्प्याबरोबर तेही निम्मे झाले, तर ते प्लाझ्मातले नाहीत, माझ्या कप्प्यांच्या जाळीतले आहेत.”

ही कसोटी त्यांनी त्या काळी का घेतली नाही, असं कुणी विचारेल. आमची पेटी सपाट, फक्त लांबी-रुंदीची; म्हणून कप्पा निम्मा केला की कप्पे चौपट होतात, आणि तेव्हाच्या यंत्रात तेवढी जागाच नव्हती. पुढे जागा झाली तोवर पट्ट्यांना नाव पडलं होतं. नाव पडलेल्या गोष्टीची पुन्हा परीक्षा कोण घेतं? मीही इतकी वर्षं घेतली नव्हती.

गावात नेटवर्क मिळतं ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेच्या अंगाला. लॅपटॉप टाकीच्या झाकणावर ठेवून मी काम पुण्याच्या महासंगणकाकडे पाठवलं. पाठवलं म्हणजे लागलीच सुरू झालं असं नसतं. देशभरातून लोकांची कामं येतात, ती रांगेत उभी राहतात. दत्तूला शिर्डीच्या दर्शनरांगेचा अनुभव. तुमच्याकडं पास असतो का, असं त्याने विचारलं. असतो, पण आपल्याला मिळत नाही, असं सर म्हणाले आणि खाली झोपायला गेले.

घोडेगाव

सकाळी दत्तूला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला जायचं होतं. सरही निघाले. घरात बसून फोनकडे बघण्यापेक्षा ते बरं, असं म्हणाले नाहीत; पण मला तसं वाटलं, म्हणून मीही पिकअपमध्ये चढले. श्रीरामपूर, नेवासा करत गेलो. उसाची हिरवाई हळूहळू मागे पडली आणि रान उघडंबोडकं होत गेलं.

घोडेगावचा बाजार म्हणजे मोठ्या मैदानावर पसरलेलं दुसरंच गाव. म्हशी एकीकडे, गाई एकीकडे, शेळ्यामेंढ्या त्यांच्या पलीकडे. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, विकणारा आपल्या म्हशीच्या पाठीवरून असा हात फिरवतो की त्याला ती द्यायचीच नाहीये असं वाटावं. भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात, खाली बोटं दाबतात आणि वर चेहरे कोरे. माझ्या शेजारी भांडल्यासारखे उभे असलेले दोघे अचानक एकमेकांना चहा पाजायला निघाले, तेव्हा मला व्यवहार झाल्याचं कळलं. आमच्याकडे साधी कोथिंबीर घेतानाही गल्लीला पत्ता लागतो.

दत्तूने एक काळीभोर म्हैस पसंत केली. कास टम्म भरलेली. घ्यायला हरकत नाही, असं मी जाणकारासारखं म्हटलंसुद्धा. पण काही व्यापारी सकाळची धारच काढत नाहीत. दूध तुंबून कास फुगते आणि पुण्याची माणसं फसतात. म्हणून घेणारा आपल्या देखत म्हैस पिळून घेतो, दिवसभर तिथेच बसतो आणि संध्याकाळी पुन्हा पिळतो. दुसऱ्या धारेचं दूध ते खरं. दत्तू बादली घेऊन बसला. मी सरांकडे बघून काही बोलणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला. “उपमा देऊ नकोस,” ते म्हणाले. त्याच वेळी म्हशीने शेपटी फिरवली आणि माझा पांढरा कुर्ता खांद्यापासून कमरेपर्यंत रंगला. व्यापाऱ्याने लगबगीने पाणी आणून दिलं आणि म्हैस स्वभावानं गरीब आहे, मनात काही नव्हतं तिच्या, असं सांगितलं.

दुपारी आम्ही कडुनिंबाखाली भेळ खात बसलो होतो. तेव्हा फोन वाजला. काम पूर्ण झालं होतं. चित्र उतरायला वेळ लागत होता. वरून एकेक पट्टी उघडत येत होती. सरांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि फोन हातात घेतला. मग मला परत दिला.

“मोज,” ते म्हणाले.

मी मोजलं. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. जुन्या चित्रात जिथे एक पट्टा होता तिथे आता दोन होते. कप्पे निम्मे झाले होते आणि त्यांच्यामागोमाग पट्टेही निमूटपणे निम्मे झाले होते. खरा प्लाझ्मा असा आज्ञाधारक नसतो.

“दुप्पट,” मी म्हणाले.

सरांनी हातातली भेळ खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला नव्हता, पण एकाएकी ते फार थकलेले वाटले. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. जगात आपल्या नावाची एकच गोष्ट असावी आणि ती नाही म्हणून कळावं, तेही आपणच काढलेल्या कसोटीने. मी काहीतरी बोलायचं म्हणून, पेपर आपण पुढच्या वर्षी छापू, असं म्हणाले.

“का?” ते म्हणाले. “याच वर्षी छाप. आणि माझं नाव घाल त्यात. कसोटी माझी आहे.”

संध्याकाळची धार सकाळच्या निम्म्यावर आली. दत्तूने ती म्हैस सोडली आणि दुसरी, कासेने लहान पण दोन्ही वेळा सारखी देणारी, घेतली. परतताना ती मागे आणि आम्ही तिघं पुढे. नेवासा ओलांडल्यावर सरांनी दत्तूला सगळं सांगितलं आणि सत्कार रद्द करायला सांगितलं. दत्तूने गाडीच कडेला घेतली. मांडव पडला होता, आमदार येणार होते, लाडू वाटायचे होते.

“तात्या, तुमचं खरं आसंल,” तो म्हणाला. “पर हितं कुनाला काय कळतंय? शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, गप ऱ्हायाचं. पेपर तर विंग्रजीतच येनार न्हवं?”

“कुणाला कळत नाही, म्हणून तर सांगायचं,” सर म्हणाले. दत्तूने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मला दोघांचंही पटत होतं. फार नेमकं सांगायचं तर दत्तूचं जरा जास्त पटत होतं.

मांडवात

सत्कार ठरल्या वेळेच्या बराच नंतर सुरू झाला, कारण आमदार आले नाहीत आणि ते येणार नाहीत हे ठरायला वेळ लागला. मांडव गच्च भरला होता. पुढच्या रांगेत अक्का, नवं लुगडं नेसून. स्टेजवर मागे तोच पट्ट्यांचा फ्लेक्स. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. प्रत्येक वक्त्याने आपण दोनच शब्द बोलणार असं सांगितलं आणि मग मनसोक्त बोलला. सरपंचांनी पट्ट्यांचा संबंध गावच्या मातीशी जोडला. मग सरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि माईक आला.

सर सरळ मुद्द्यावर गेले. ज्या पट्ट्यांसाठी हा सत्कार आहे ते पट्टे निसर्गात नाहीत. ते संगणकाच्या हिशोबातून निघाले, ती माझी चूक होती आणि ती काल सिद्ध झाली. एवढं बोलून ते थांबले.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांनी दुसरा माईक उचलला. “पाहा मंडळी,” ते म्हणाले, “फळं आलेलं झाड आसंच वाकतं. एवढा मोठा मानूस, आन् म्हनतो मी काईच केलं न्हाई.” पुन्हा टाळ्या.

सर म्हणाले, हा विनय नव्हे. तर टाळ्या आणखी वाढल्या. त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. कुणीतरी घोषणा दिली. भल्याभल्या परिषदांत समोरच्याला निरुत्तर करणारा हा माणूस मी पहिल्यांदाच असहाय पाहिला. आपलं यश पटवून देणारे पुष्कळ असतात. इथे एकाला आपली चूक पटवता येत नव्हती. त्यांनी मांडवात नजर फिरवली आणि मला शोधून काढलं.

“मेधा, तू सांग,” ते म्हणाले.

स्टेजपर्यंतची वाट मला लांब वाटली. काहीतरी गोड, गोलमाल बोलून सुटता आलं असतं आणि सगळे खूश झाले असते. सर सोडून सगळे. मी माईक धरला. कप्पा निम्मा केला तर पट्टे निम्मे झाले, हे सोप्या शब्दांत सांगितलं. ही गोष्ट मी पुण्याहून सांगायला आले होते, सर खरं बोलत आहेत, कडलग पट्टे म्हणून काही नाही, असं म्हणाले.

या वेळी टाळी वाजली नाही. सरपंचांचा चेहरा उतरला. हे ताईंनी उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं ते माईक खाली घेऊन पुटपुटले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. दत्तू मांडवाच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता.

मग अक्का उठल्या. त्यांना माईक लागत नाही.

“त्यानं कुनाला फशिवलं का, तेवढं सांग,” त्या मला म्हणाल्या.

“नाही, अक्का. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं होतं.”

“मग चूक झाली तर झाली. शाल ऱ्हाऊ द्या त्याच्या आंगावर, थंडी हाय,” असं म्हणून त्या बसल्या आणि मांडवातलं अवघडलेपण जरा सैल झालं.

सरांनी नारळ टेबलावर ठेवला आणि पुन्हा माईक घेतला. आता लोक ऐकत होते. पेटी म्हणजे काय, कप्पे कसे पाडतात, कण कसे ढकलतात, चूक कुठे लपून बसली, हे सगळं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत सर नेमकं काय करतात हे गावाने पहिल्यांदा ऐकलं असावं. सगळं कळलं असेल असं नाही, पण लाडवांकडे कुणी बघत नव्हतं.

बोलणं संपल्यावर मधल्या रांगेतून टोपीवाला एक गृहस्थ उभा राहिला.

“पट्टे न्हाईत, व्हय. पर मग तितं हाय काय?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

“माहीत नाही,” सर म्हणाले.

गृहस्थाने थोडा विचार केला. “मग बघा की,” तो म्हणाला आणि खाली बसला.

सर हसले. राहात्याला आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी माईक हाताने झाकला, माझ्याकडे झुकले आणि त्या भर मांडवात, सगळं गाव बघत असताना, महासंगणकावरचं त्यांचं निवृत्तीनंतर बंद झालेलं खातं पुन्हा उघडायला किती दिवस लागतील, असं विचारलं.